पावती फक्त स्टिअरिंगमागच्या माणसाची

२०१९ साली मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा सगळ्या देशाला तिची एकच बाजू सांगितली गेली: दंड वाढले. लायसन नसेल तर ५,०००. दारू पिऊन चालवलं तर १०,०००. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली तर २५,००० आणि पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद. त्याच दुरुस्तीत १९८ अ हे कलमही आलं. त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. ते कलम सांगतं, की रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे झाली नाही आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर संबंधित यंत्रणेला, कंत्राटदाराला, सल्लागाराला दंड होईल. जास्तीत जास्त १ लाख रुपये. कैदेचं नाव नाही.

पोराला किल्ली दिली म्हणून बाप तुरुंगात जाऊ शकतो. रस्ता निकृष्ट बांधला, त्यावर माणूस मेला, तर १ लाख भरले की विषय मिटतो. आणि हे एक लाख तरी कुणी भरतं का? मी नारायणगावहून वाशीच्या बाजार समितीत टोमॅटो नेणारा पिकअपवाला आहे. पुणे-नाशिक महामार्ग, चाकण, तळेगाव, घाट, पनवेल हा माझा रोजचा धंद्याचा रस्ता. चाकण-तळेगाव पट्ट्यात पावसाळ्यात काय होतं ते तिथून जाणाऱ्या कुणालाही विचारा. या सगळ्या वाटेवर एखाद्या कंत्राटदाराला १९८ अ खाली दंड झाल्याचं माझ्या ओळखीतल्या एकाही चालकानं कधी ऐकलेलं नाही. आम्ही ऐकतो ते आमचंच. अमक्याला तळेगावला धरलं, तमक्याचं चलान पडलं, त्याची गाडी उचलली.

हेल्मेट, सीटबेल्ट यांच्याशी माझं भांडण नाही. हे आधी सांगतो, कारण दंडाविरुद्ध तोंड उघडलं की समोरचा ‘मग नियम पाळा ना’ म्हणून मोकळा होतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतल्या ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. महाराष्ट्रात दर वर्षी १५ हजारांहून जास्त माणसं जातात. रात्रीच्या प्रवासात यातले काही अपघात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. उसाची बिनदिव्याची ट्रॉली अंधारात उभी असते आणि मागून येणाऱ्याला ती दिसते तेव्हा वेळ गेलेली असते. उलट्या दिशेनं डंपर येतात. दारू प्यालेले येतात. अशांची गाडी जागेवर जप्त करा, लायसन कायमचं काढून घ्या, मी तुमच्या बाजूनं साक्ष द्यायला येईन.

पण हे करायला रात्री दोन वाजता महामार्गावर उभं राहावं लागतं. डंपर अडवायला छाती लागते, आणि तो डंपर कुणाचा निघेल आणि कुणाचा फोन येईल याचा नेम नसतो. त्यापेक्षा सकाळी चौकात उभं राहून झेब्रा पट्ट्यावर चाक टेकलेल्या दुचाकीचा फोटो काढणं सोपं. महिन्याचा आकडाही भरतो. गुन्हा किती घातक आहे हे इथे कुणी बघत नाही, पकडायला किती सोपा आहे एवढंच बघितलं जातं. माझा सगळा संताप या एका गोष्टीचा आहे.

या सोप्या वसुलीचं मूळ कलम १७७ मध्ये आहे. ज्या नियमभंगाला कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, ते सगळं या कलमात येतं. पूर्वी पहिल्या वेळी १०० रुपये आणि पुढच्या वेळी ३०० होते. दुरुस्तीनंतर ५०० आणि १,५०० झाले. महाराष्ट्रानं हे नवे दर लगेच लावले नव्हते, डिसेंबर २०२१ मध्ये लावले. म्हणजे टाळेबंदीत दीड वर्ष गाड्या दारात उभ्या, हप्ते थकलेले, डिझेल शंभरीच्या आसपास, अशा वेळी. पगारदार माणसाला ५०० रुपये चुटपुट लावून जात असतील. वाशीला एक खेप टाकून डिझेल, टोल, हमाली आणि गाडीचा हप्ता वजा जाता माझ्या हातात जे उरतं, त्यातून ५०० गेले की त्या दिवशी मी फुकट राबलो. आणि १,५०० गेले की दोन-तीन दिवस.

गुन्हा काय असतो? नो पार्किंग. शहरात माल उतरवायला टेम्पोला जागाच ठेवलेली नाही. दुकानांना परवाने देताना महापालिकेनं ती बघायची होती. इमारतीच्या नकाशात पार्किंग दाखवलेलं असतं, तिथे गाळे निघालेले असतात. त्या गाळ्यावर कारवाई नाही, गाळ्यात माल उतरवणाऱ्यावर आहे. नो पार्किंगची पाटी झाडाच्या फांदीत किंवा कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फलकामागे. झेब्रा पट्टे पुसून वर्ष झालेलं, थांबायची रेघ कुठे होती हे रंगवणाऱ्यालाही आता दाखवता येणार नाही, पण फोटोत तुमचं चाक रेघेच्या पुढे असतं. रिक्षावाल्याला खाकी शर्ट नाही म्हणून थांबवतात. कागद मोबाइलवर दाखवले तर ‘मूळ कागद आण’ म्हणतात, खरं तर २०१८ पासून डिजिलॉकर आणि एम-परिवहनमधले कागद कायद्यानं चालतात. हे त्या शिपायाला माहीत नसेल तर त्याला शिकवलेलं नाही, आणि माहीत असून तो अडवत असेल तर तो कशासाठी थांबला आहे हे प्रत्येक चालकाला कळतं. तोडपाणी या शब्दाचा अर्थ आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

ई-चलान आलं तेव्हा मला खरंच वाटलं होतं, की आता हे संपेल. हातात रोकड नाही, वाद नाही, कॅमेरा खोटं बोलत नाही. केंद्रानं ऑगस्ट २०२१ मध्ये त्यासाठी चांगले नियमही केले. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम घातला गेला. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दर वर्षी नव्यानं घ्यायचं. कॅमेरा जिथे आहे तिथे आधी दिसेल अशी सूचनेची पाटी हवी. गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत गाडीमालकाला पाठवली पाहिजे. प्रकरण निकाली निघेपर्यंत पुरावा जपून ठेवायचा. यातला एकही शब्द मला जाचक वाटत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून जी नवी कॅमेरा यंत्रणा बसली, तिच्याबद्दल अनेक चालक बोटं मोडतात, मी तेवढा मोडत नाही. तिथे कमानी लांबून दिसतात, वेगाच्या पाट्या आहेत. त्या घाटात ब्रेक निकामी होऊन किती संसार मोडलेत हे मला माहीत आहे.

पण चौकात काय चाललं होतं? शिपाई स्वतःच्या खिशातला मोबाइल काढून फोटो घ्यायचा, आणि सवड मिळेल तेव्हा तो यंत्रात चढवायचा. प्रमाणपत्र नाही, पाटी नाही, वेळेचा भरवसा नाही. वाहतूकदार ओरडत राहिले. १ जुलै २०२५ पासून राज्यभर बेमुदत बंद पुकारावा लागला. ई-चलानचा जाच हा त्यातला मुख्य मुद्दा होता. त्यानंतर पोलिसांच्या वाहतूक विभागाच्या वरिष्ठांनी आदेश काढला, की खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करू नका. म्हणजे तोवर ते होत होतं हे मान्य झालं. मग तोवर झालेल्या चलानांचं काय? त्या बेकायदा फोटोंवर घेतलेले पैसे परत करणार? त्याबद्दल कुणी बोलत नाही. चालकाची थकबाकी वर्षानुवर्षं व्यवस्थित जपली जाते, आणि सरकारची चूक आदेश निघाल्याच्या दिवशी संपते.

माझ्या गाडीवर एका शहरातलं नो पार्किंगचं चलान आलं. त्या दिवशी, त्या वेळी माझी गाडी पासिंगच्या रांगेत उभी होती. फिटनेसच्या दाखल्यावर ती तारीख आहे, सरकारचाच शिक्का आहे. चलानमधल्या फोटोत नंबरपाटीचा एक आकडा चिखलानं अर्धा झाकलेला, मागचा रंगसुद्धा माझ्या पिकअपचा नाही. ऑनलाइन तक्रार केली, दाखला जोडला. उत्तर आलं: तक्रार नामंजूर. कारण दिलेलं नाही. मग प्रत्यक्ष गेलो.

“साहेब, फोटो तरी मोठा करून बघा. ही गाडी माझी नाही.”

“सिस्टिममध्ये आलंय ना? मग भरून टाक. पाचशेसाठी कशाला हेलपाटे मारतो?”

ते पाचशे मी अखेर भरले, कारण पुढच्या पासिंगला चलान बाकी दिसलं की काम अडतं, आणि पासिंग अडलं की गाडी दारात. कोर्टात जायचा हक्क मला आहे, हे मला ठाऊक आहे. कोर्टाच्या एका तारखेला माझा पाचशेहून जास्त धंदा बुडतो, हे त्या साहेबालाही ठाऊक आहे. हक्क वापरणं दंड भरण्यापेक्षा महाग पडेल अशी रचना करून ठेवली, की माणसं मुकाट्यानं भरतात आणि मग सांगितलं जातं, बघा, लोकांनी गुन्हा कबूल केला.

दुसऱ्या बाजूला कायदा सरकारलाही मुदत घालतो. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे त्याची दखल न्यायालयानं घ्यायला सहा महिन्यांची मर्यादा आहे. आधी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५१४ मध्ये आहे. चलान मान्य नसेल त्याच्यावर या मुदतीत खटला भरा, पुरावा मांडा, न्यायाधीश ठरवतील. तसं होत नाही. चलान तीन-तीन, चार-चार वर्षं तसंच पडून राहतं आणि मग अचानक मोबाइलवर लोकअदालतीची नोटीस येते. जिला गाडी विकून दोन वर्षं झाली त्या बाईलाही येते.

दुसऱ्या काही राज्यांनी तर याचा बाजारच मांडला. तेलंगणानं मार्च २०२२ मध्ये दुचाकीच्या थकलेल्या दंडावर ७५ टक्के सवलत दिली, कर्नाटकानं फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० टक्के. लोकांनी रांगा लावल्या, तिजोरी भरली. मला या सवलतीची चीड येते. ज्यानं आपली चूक मान्य करून वेळेवर पूर्ण रक्कम भरली त्याला हे राज्य मूर्ख ठरवतं. आणि जो दंड जीव वाचवण्यासाठी होता म्हणता, तो पाव किमतीत सोडता येत असेल, तर मूळ रक्कम कुठल्या हिशोबानं ठरवली होती?

पासिंगच्या उशिराचं प्रकरण याहून निर्दय. डिसेंबर २०१६ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं फिटनेस दाखला उशिरा घेतला तर दिवसाला ५० रुपये जादा शुल्क लावलं. आठ वर्षांहून जुनी व्यावसायिक गाडी दर वर्षी पासिंगला न्यावी लागते. चालक आजारी पडला, गाडीचं इंजिन उघडलं, बायकोचं ऑपरेशन निघालं, तर गाडी घरात उभी असते आणि ५० रुपये रोज चढत राहतात. चार महिने म्हणजे ६,००० रुपये. रस्त्यावर न आलेल्या गाडीनं कुणाला धडक दिली होती? २०२४ मध्ये राज्यात ही वसुली पुन्हा जोरात सुरू झाली तेव्हा कित्येक रिक्षावाल्यांच्या नावावर रिक्षाच्या जुन्या बाजारभावाच्या तोडीची रक्कम दिसायला लागली. रिक्षा-टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले आणि जुलैमध्ये सरकारला स्थगिती द्यावी लागली. इथेही आधी भरलेल्यांचे पैसे गेले ते गेलेच. पासिंगच्या रांगेत आणखी एक रीत आहे: रिफ्लेक्टरची पट्टी चांगली चमकत असली तरी नवी लावून आण, आणि ती कुठून लावायची हे गेटबाहेरचा एजंट सांगतो. दिवे, ब्रेक, टायर हे त्यानंतर, मान वर न करता.

आणि ती नंबरपाटी. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना, म्हणजे राज्यातल्या सुमारे दोन कोटी गाड्यांना, उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली. दुचाकीला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, बाकीच्यांना ७४५, वर जीएसटी. माझ्या पिकअपला ८७९ पडले. चोरीच्या गाड्या सापडाव्यात म्हणून ही पाटी, आणि ती कल्पना मला मान्य आहे. मान्य नाही ती अंमलबजावणी. ही योजना २००१ सालची. सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना वर्षानुवर्षं झापलं. तरी सरकार झोपून राहिलं आणि जाग आली तेव्हा पहिली मुदत मिळाली ती काही महिन्यांची: मार्च २०२५. मग जून, मग १५ ऑगस्ट, मग ३० नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर. ज्यांनी धावपळ करून, तालुक्याच्या गावी दिवस मोडून पहिल्या मुदतीत पाटी बसवली, त्यांच्या मेहनतीची ही किंमत. सरकारला स्वतःच्या तारखा पाळता येत नाहीत म्हणून कुणी त्याला दिवसाला ५० रुपये लावले नाहीत.

ही पाटीची आणि कॅमेऱ्याची सगळी यंत्रणा १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला कुठे होती? दोन तरुण अभियंत्यांना चिरडणाऱ्या त्या पोर्श गाडीला नंबरच नव्हता. बंगळुरूहून आणलेल्या त्या महागड्या गाडीची पुण्यात नोंदणी पूर्ण झाली नव्हती, कारण १,७५८ रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं. १,७५८! ती गाडी बिननंबरची शहरभर फिरत होती. चिखलात झाकलेला आकडा माझा म्हणून वाचणाऱ्या कॅमेऱ्याला, झेब्र्यावरचं चाक टिपणाऱ्या मोबाइलला, नंबर नसलेली कोट्यवधींची मोटार दिसली नाही. ज्याच्याकडे नंबर आहे, नोंदलेला पत्ता आहे, दर वर्षी पासिंगला यायची सक्ती आहे, तोच या यंत्रणेच्या जाळ्यात सापडतो. ज्यानं नोंदणीच केली नाही तो तिच्या हिशोबी अस्तित्वातच नाही.

खड्ड्यांबद्दल आता तरी काही हालचाल झाली, पण तीही कोर्टानं केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये भरपाई द्या, जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत, आणि ती रक्कम जबाबदार कंत्राटदाराकडून, अधिकाऱ्याकडून वसूल करा. कायदेमंडळानं सहा वर्षांपूर्वी कलम लिहून ठेवलं होतं, ते वापरायची ज्यांची जबाबदारी होती त्यांनी ते वापरलं नाही, म्हणून न्यायाधीशांना हे सांगावं लागलं. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं. गणपतीला कोकणात जाणारा प्रत्येक माणूस त्या रस्त्याची हाडं मोजत जातो. चौदा वर्षं उलटली तरी ते काम रखडलेलं. त्या चौदा वर्षांत त्या रस्त्यावर वेगमर्यादा ओलांडली, सीटबेल्ट लावला नाही म्हणून किती पावत्या फाटल्या असतील? आणि वळणावर पाटी नाही, दुभाजक अर्धवट सोडला, डायव्हर्जनला दिवा लावला नाही म्हणून किती?

मला हवं आहे ते अगदी साधं. चलानच्या फोटोत गुन्हा दिसला पाहिजे, नुसती नंबरपाटी चालणार नाही. ज्या पाटीचा किंवा रेघेचा भंग झाला म्हणता ती पाटी, ती रेघ त्याच फोटोत दिसली पाहिजे. १५ दिवसांत नोटीस आली नाही तर चलान आपोआप रद्द. तक्रार फेटाळली तर कारण लिहून, सही करणाऱ्याच्या नावासकट. दंडाचा प्रत्येक रुपया कुठल्या रस्त्यावर, कुठल्या सिग्नलवर खर्च झाला ते प्रत्येक जिल्ह्यानं दर वर्षी छापावं. अपघातात माणूस गेला की पंचनाम्यात चालकाच्या लायसनबरोबर रस्त्याच्या कंत्राटदाराचं नाव आणि देखभालीची मुदतही लिहिली जावी, म्हणजे १९८ अ लावायचं की नाही हा प्रश्न पोलीस ठाण्यातच उभा राहील.

आणि एक कलम आणखी आहे, तेही २०१९ चंच. २१० ब. हा कायदा राबवण्याचा अधिकार ज्या यंत्रणेला आहे, तिनंच गुन्हा केला तर दंड दुप्पट. पोलिसांच्या आणि आरटीओच्या ज्या गाड्यांवर ई-चलानं थकली आहेत, त्यांची यादी दुप्पट रकमेसह प्रत्येक आरटीओच्या दारावर लावा, वसुलीच्या तारखेसकट. ती लागली की माझ्याकडे बाकी काय आहे ते घेऊन मी स्वतः खिडकीवर येतो.